एडिटिंगच्या संगणकासाठी मदरबोर्ड आणि रॅम: आधी रॅमचा हिशोब, मग बोर्ड

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन-तीन मिररलेस कॅमेऱ्यांवर चित्रित केलेले ४के, १०-बिट फुटेज प्रीमियर प्रोमध्ये संकलित करायचे, शीर्षके आणि ग्राफिक्स आफ्टर इफेक्ट्समध्ये करायची, आणि रंगांचे काम अधूनमधून दाविंची रिझॉल्व्हमध्ये न्यायचे. त्यासाठी नवा संगणक जुळवताना आपल्यापुढे दोन याद्या आहेत. पहिल्या यादीत सर्वांत वरच्या श्रेणीचा मदरबोर्ड आणि १६ जीबीच्या दोन स्टिक मिळून ७२०० वेगाची (सेकंदाला ७२०० दशलक्ष हस्तांतरणे) ३२ जीबी रॅम आहे. दुसरीत मधल्या श्रेणीचा बोर्ड आणि ६४ जीबी रॅम आहे. पहिली यादी घ्यावी आणि पुढे गरज पडली तर दोन रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी दोन स्टिक बसवाव्यात, असा आपला कल दिसतो. माझे मत दुसऱ्या यादीच्या बाजूने आहे. त्याची कारणे सविस्तर देतो, कारण ती कळली की पुढचा संगणक जुळवतानाही आपल्याला दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.

बहुतेक जण मदरबोर्ड आधी ठरवतात आणि उरलेल्या रकमेत जितकी बसेल तितकी रॅम घेतात. एडिटिंगच्या यंत्राबाबत हा क्रम उलटा असावा, असे मला अनेक यंत्रे जुळवल्यानंतर ठामपणे वाटते. चांगल्या बोर्डामुळे टाइमलाइन अधिक सुरळीत चालत नाही. एकच प्रोसेसर मधल्या आणि वरच्या श्रेणीच्या बोर्डावर लावला, तर एक्सपोर्टच्या वेळेत जाणवण्याजोगा फरक सहसा पडत नाही. रॅम कमी पडली तर मात्र तो खोळंबा कामाच्या प्रत्येक दिवशी जाणवतो. म्हणून आधी रॅम किती लागते ते मोजावे, मग ती कशी घ्यावी ते ठरवावे आणि बोर्डाकडे नंतर वळावे.

मोजणी कठीण नाही. ४के चित्राची एक फ्रेम ३८४० गुणिले २१६० म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेलची असते. लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार घटक प्रत्येक पिक्सेलसाठी साठवावे लागतात. ८-बिट प्रोजेक्टमध्ये प्रत्येक घटकाला एक बाइट लागतो, म्हणजे एक फ्रेम साधारण ३३ एमबीची होते. १६-बिट प्रोजेक्टमध्ये ६६ एमबीची आणि ३२-बिटमध्ये १३३ एमबीची. कॅमेऱ्यातील फाइल कितीही लहान असली, तरी आफ्टर इफेक्ट्स प्रिव्ह्यूसाठी जी फ्रेम रॅममध्ये ठेवते ती अशी उलगडलेली, पूर्ण आकाराची असते. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर १६-बिटमध्ये एका सेकंदाला सुमारे १.७ जीबी आणि ३२-बिटमध्ये सुमारे ३.३ जीबी रॅम लागते. आता ३२ जीबीच्या यंत्रातून ऑपरेटिंग सिस्टिम, उघडलेले प्रीमियर आणि संदर्भासाठी चालू ठेवलेला ब्राउझर यांचा वाटा वजा करावा. उरलेल्या वीसेक जीबीमध्ये १६-बिटचे बारा सेकंद मावतात आणि ३२-बिटचे जेमतेम सहा. शीर्षकाची हालचाल आणि संगीताचा ठेका जुळतो की नाही हे सहा सेकंदांत ठरवणे अवघड आहे. आफ्टर इफेक्ट्सच्या २०२५ मधील आवृत्तीपासून डिस्क कॅशवरूनही (डिस्कवर साठवून ठेवलेल्या तयार फ्रेममधूनही) प्रिव्ह्यू चालवता येतो, ही मोठी सोय झाली आहे. पण त्यासाठी वेगवान एसएसडी स्वतंत्र राखून ठेवावी लागते, आणि तो मुद्दा बोर्डाकडे वळल्यावर पुन्हा येईल.

प्रीमियर स्वतः इतक्या फ्रेम साठवून ठेवत नाही. मात्र एच.२६५ सारख्या स्वरूपात एक फ्रेम उलगडण्यासाठी तिच्या मागच्यापुढच्या फ्रेमही उलगडाव्या लागतात, आणि मल्टिकॅममध्ये हे काम तीन कॅमेऱ्यांसाठी एकाच वेळी चालते. शिवाय आफ्टर इफेक्ट्सची रचना थेट प्रीमियरच्या टाइमलाइनवर जोडली, की दोन्ही सॉफ्टवेअर एकाच रॅममध्ये वाटेकरी होतात. रॅम संपली की विंडोज तिच्यातला मजकूर एसएसडीवर हलवू लागते. डीडीआर५ या सध्याच्या पिढीच्या, ५६०० वेगाच्या रॅमच्या दोन चॅनेलची (प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वाटांची) सैद्धांतिक क्षमता सेकंदाला सुमारे ९० जीबी असते, तर पीसीआयई ४.० (प्रोसेसरशी उपकरणे जोडण्याची पद्धत) च्या उत्तम एसएसडीची ७ जीबीच्या आसपास. प्रतिसादाच्या वेळेतली दरी तर याहून कितीतरी मोठी आहे: रॅमचा प्रतिसाद नॅनोसेकंदांत मोजला जातो, एसएसडीचा मायक्रोसेकंदांत. प्लेबॅक अडखळतो, माउसचा बाण ओढल्यासारखा चालतो आणि संकलकाला वाटते की प्रोसेसर कमी पडतो आहे. ग्राफिक्स कार्ड बदलूनही अडखळणे थांबले नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या यंत्रांमध्ये मला अनेकदा फक्त रॅम अपुरी आढळली आहे.

आपल्या सध्याच्या संगणकावर हे तपासता येते. सर्वांत जड प्रोजेक्ट उघडावा, नेहमी जे काही सोबत उघडे असते ते सगळे उघडावे, अर्धा तास काम करावे आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावरील 'कमिटेड' हा आकडा पाहावा. तो बसवलेल्या रॅमच्या वर जात असेल, तर अधिक रॅमची गरज असण्याची बरीच शक्यता आहे असे समजावे. एक सावधगिरी मात्र बाळगावी: आफ्टर इफेक्ट्स जितकी रॅम मिळेल तितकी वापरते, त्यामुळे ते चालू असताना रॅम भरलेली दिसली म्हणून ती अपुरीच आहे असा निष्कर्ष काढू नये, प्रिव्ह्यू किती सेकंदांचा मिळतो यावरून ठरवावे. साध्या कापणी-जोडणीसाठी ३२ जीबी आजही पुरते. आपण वर्णन केलेल्या कामाला ६४ जीबी हा योग्य आकडा आहे. आफ्टर इफेक्ट्स रोजचेच असेल, ८के असेल किंवा लांबलचक थ्रीडी रचना असतील, तर ९६ किंवा १२८ जीबीचा विचार करावा. रिझॉल्व्हमधील नॉइज रिडक्शनसारख्या प्रक्रिया मुख्यतः ग्राफिक्स कार्डावरील मेमरी वापरतात, आणि ती मेमरी कमी पडत असेल तर संगणकाची रॅम वाढवून ती उणीव भरून निघत नाही.

आता ही ६४ जीबी कशी घ्यायची, हा प्रश्न येतो, आणि माझ्या मते आपल्या निर्णयातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. उत्तर आहे: ३२ जीबीच्या दोन स्टिक, एकाच पाकिटातल्या. आज १६ च्या दोन आणि पुढे आणखी दोन, हा बेत डीडीआर४ च्या काळात अगदी योग्य होता आणि मीही तोच सल्ला देत असे. डीडीआर५ मध्ये परिस्थिती बदलली आहे. नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरला मेमरीचे दोन चॅनेल असतात. बोर्डावर चार स्लॉट असले, तरी प्रत्येक चॅनेलला दोन स्लॉट जोडलेले असतात. चार स्टिक बसवल्याने चॅनेल चार होत नाहीत, एकाच चॅनेलवर दोन स्टिकचा विद्युत भार मात्र पडतो. डीडीआर५ चे संकेत इतक्या वेगाने धावतात की हा जादा भार सांभाळण्यासाठी मेमरी कंट्रोलरला वेग कमी करावा लागतो. एएमडीच्या रायझन ९००० मालिकेसाठी दोन स्टिकना ५६०० चा वेग अधिकृतपणे मान्य आहे, तर चार स्टिकना फक्त ३६००. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये आकडे वेगळे असले, तरी चार स्टिक बसवल्यावर वेग उतरण्याचा नियम तोच आहे.

चार स्टिक याहून अधिक वेगाने चालवणारे लोक आहेत, आणि त्यांची यंत्रे चालतातही. परंतु दुसऱ्याला मुदतीत काम द्यायचे असते तेव्हा नशिबाने चालणारी मेमरी मी वापरत नाही. एका संकलकाच्या संगणकात आधीच्या दोन स्टिकसोबत काही महिन्यांनी त्याच नावाच्या, त्याच वेगाच्या आणखी दोन बसवल्या होत्या. दिवसभर सगळे व्यवस्थित चाले आणि रात्री लांब एक्सपोर्ट लावला की दोनपैकी एखाद्या वेळी तो मधेच थांबे. त्यांनी आधी सॉफ्टवेअरला दोष दिला, मग ड्रायव्हरला, मग फुटेजला. मेमरीची चाचणी लावल्यावर पहिल्या तासाभरातच चुका दिसल्या. नवी जोडी काढली आणि तक्रार मिटली. स्टिकचे नाव तेच राहते, आतल्या चिप मात्र उत्पादक बदलू शकतो. म्हणूनच दोन वेगळी पाकिटे एकत्र करणे हा डीडीआर५ मध्ये धोक्याचा व्यवहार आहे. रिकामे दोन स्लॉट म्हणजे भविष्याची हमी, असे मानू नये.

पुढे ६४ जीबीही कमी पडेल अशी शंका असेल, तर आजच ४८ जीबीच्या दोन स्टिक घ्याव्यात. २४ आणि ४८ जीबीच्या स्टिक २०२३ पासून उपलब्ध आहेत आणि दोन स्टिकमध्येच ९६ जीबी मिळत असल्याने चार स्लॉट भरण्याची वेळ येत नाही. आता ६४ जीबीच्या स्टिकही मिळतात; त्या घ्यायच्या तर बोर्डाच्या बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डातच असलेल्या सॉफ्टवेअरची) कोणती आवृत्ती त्यांना ओळखते ते आधी पाहावे. एक बाजू मात्र प्रामाणिकपणे मांडली पाहिजे: ज्याला खरोखर १२८ जीबी लागते आणि ज्याच्याकडे चार स्टिकशिवाय दुसरा मार्ग नाही, त्याच्यासाठी ३६०० वेगाची १२८ जीबी ही ६००० वेगाच्या ६४ जीबीपेक्षा केव्हाही बरी. रॅम मंद असली तरी ती एसएसडीपेक्षा कितीतरी वेगवान असते.

७२०० हा आकडा मोह पाडतो, म्हणून वेगाविषयीही लिहितो. स्टिकवर वेगासोबत सीएल हा आकडा असतो. मागणी गेल्यापासून पहिला मजकूर यायला मेमरीला किती चक्रे लागतात ते तो सांगतो. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागले की नॅनोसेकंद मिळतात. ७२०० आणि सीएल ३६ असेल तर १० नॅनोसेकंद येतात. ६००० आणि सीएल ३० असेल तरीही १० नॅनोसेकंदच येतात. बँडविड्थ (सेकंदाला वाहून नेण्याची क्षमता) ७२०० ची अधिक आहे हे खरे, पण एडिटिंगमध्ये तिचा लाभ लहान असतो आणि स्थिरतेची किंमत मोठी. रायझन ७००० आणि ९००० मालिकांमध्ये साधारण ६००० पर्यंत मेमरी आणि तिचा कंट्रोलर एकाच घड्याळावर चालतात. त्याच्या बरेच वर गेले की कंट्रोलर अर्ध्या वेगावर येतो आणि मिळवलेले पुष्कळसे गमावले जाते. या प्रोसेसरसाठी ६००० आणि सीएल ३० ते ३६ ही निवड मला सर्वांत समंजस वाटते. इंटेलसाठी ५६०० ते ६४०० पुरेसे आहे. हे वेग मिळतात ते एक्सएमपी किंवा एक्स्पो या नावाची सेटिंग बायोसमध्ये चालू केल्यावरच; ती न केल्यास स्टिक तिच्या मूळ, कमी वेगाने चालत राहते, आणि वर्षभर असे चालवलेले संगणक मी पाहिले आहेत.

डीडीआर५ मध्ये चुका दुरुस्त करण्याची सोय मुळातच आहे, असे विक्रीच्या मजकुरात वाचायला मिळते. ती सोय चिपच्या आतल्या चुकांपुरती असते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक ती पकडत नाही. खरी ईसीसी, म्हणजे या वाटेवरच्या चुकाही पकडणारी, मेमरी वेगळी असते. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे बोर्डावरील प्रोसेसर बसवण्याची जागा) ती चालेल की नाही हे बोर्डावर अवलंबून आहे, आणि इंटेलमध्ये तिच्यासाठी डब्ल्यू६८० किंवा डब्ल्यू८८० हे चिपसेट (बोर्डावरची, इतर उपकरणे जोडून घेणारी चिप) असलेला बोर्ड लागतो. आपल्या कामाला तिची आवश्यकता नाही. मेमरीची रात्रभराची एक चाचणी मात्र अनिवार्य आहे.

आता बोर्ड. बोर्ड सॉकेटवरून ठरतो, सॉकेट प्रोसेसरवरून आणि प्रोसेसर, आपल्या बाबतीत, कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगवरून. कॅमेरा एच.२६५ मध्ये ४:२:२ (४:२:० पेक्षा रंगांची अधिक माहिती ठेवणारी पद्धत) १०-बिट रेकॉर्ड करत असेल, तर ते फुटेज हार्डवेअरने उलगडणारी साधने मोजकी आहेत. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स ते करते, आणि एनव्हिडियाने ती क्षमता आरटीएक्स ५० मालिकेत आणली. असे कोणतेच साधन नसेल तर सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर पडतो आणि तीन कॅमेऱ्यांची टाइमलाइन अडखळते. कॅमेरा ४:२:० रेकॉर्ड करत असेल, तर गेल्या काही वर्षांतले जवळपास कोणतेही ग्राफिक्स कार्ड पुरते. इंटेल घेताना नावाच्या शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर घेऊ नये, कारण त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. स्वतंत्र कार्ड लावल्यावर काही बोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर' किंवा तत्सम नावाची सेटिंग शोधून ते चालू ठेवावे लागते. ही एक सेटिंग चुकल्यामुळे मुद्दाम घेतलेला प्रोसेसर निरुपयोगी ठरतो.

सॉकेट आज मुख्यतः तीन आहेत. एएमडीचा एएम५ हा २०२२ मध्ये आला, त्यावर फक्त डीडीआर५ चालते, आणि या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. इंटेलच्या एलजीए १७०० वर बारावी ते चौदावी पिढी बसते. त्याचे काही बोर्ड डीडीआर४ चे आणि काही डीडीआर५ चे आहेत, आणि दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असल्याने एकाची स्टिक दुसऱ्यात बसत नाही. २०२४ मध्ये आलेला एलजीए १८५१ पुन्हा फक्त डीडीआर५ चा. नव्या जुळणीसाठी डीडीआर४ चा बोर्ड मी सुचवणार नाही, हाताशी ६४ जीबी डीडीआर४ आधीच असेल तरच तो विचार करावा.

बोर्डाबाबत सर्वांत कमी वाचली जाणारी आणि एडिटिंगसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पीसीआयई लेन, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या मार्गिका. पीसीआयई ४.० ची एक लेन एका दिशेने सेकंदाला सुमारे २ जीबी वाहते. बोर्डावरील काही स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेले असतात आणि उरलेले चिपसेटमार्फत. चिपसेटला कितीही उपकरणे जोडता आली, तरी चिपसेट ते प्रोसेसर हा रस्ता एकच असतो. इंटेलच्या बी७६० आणि बी८६० मध्ये त्या रस्त्याची क्षमता सुमारे ८ जीबी आहे, झेड७९० आणि झेड८९० मध्ये त्याच्या दुप्पट. एएमडीमध्ये तो रस्ता पीसीआयई ४.० च्या चार लेनचा, म्हणजे ८ जीबीचाच आहे, आणि एक्स८७०ई सारख्या वरच्या चिपसेटमध्ये दोन चिप एकामागे एक लावून जोडण्या वाढवल्या असल्या, तरी प्रोसेसरकडे जाणारा रस्ता रुंदावलेला नाही. वरच्या श्रेणीचा बोर्ड म्हणजे अधिक वेग, हा समज इथे खोटा ठरतो. इमारतीला मजले वाढवले, जिना तेवढाच ठेवला.

याचा रोजच्या कामाशी संबंध काय, हेही मोजून पाहू. प्रोरेस ४२२ एचक्यू या स्वरूपात ४के, २५ फ्रेमचे फुटेज सेकंदाला ७३७ मेगाबिट, म्हणजे सुमारे ९२ एमबी लागते. तीन कॅमेरे एकत्र धरले तरी २७६ एमबी. केवळ प्लेबॅकसाठी कोणतीही बरी एसएसडी पुरते, पीसीआयई ५.० ची एसएसडी घेण्याचे कारण नाही. लेनची अडचण येते ती एकाच वेळी फुटेज उतरवून घेणे, कॅश लिहिणे, एक्सपोर्ट करणे आणि बाहेरच्या डिस्कवर प्रत काढणे चालू असताना, किंवा ईएक्सआर (प्रत्येक फ्रेमची स्वतंत्र, मोठी फाइल) फ्रेमच्या रांगा हाताळताना. म्हणून कॅशची आणि चालू प्रोजेक्टची एसएसडी प्रोसेसरला थेट जोडलेल्या एम.२ स्लॉटमध्ये (बोर्डावरच एसएसडी बसवण्याच्या खाचेत) बसवावी आणि ऑपरेटिंग सिस्टिम, जुनी कामे, साठवणीच्या डिस्क चिपसेटवर सोडाव्यात. एएम५ वर ग्राफिक्स कार्डाच्या १६ लेन सोडून प्रोसेसरकडे आणखी ८ लेन असतात, त्यामुळे असे दोन स्लॉट मिळू शकतात. एलजीए १७०० वर एकच मिळतो. एलजीए १७०० च्या काही बोर्डांवर पीसीआयई ५.० चा एम.२ स्लॉट दिलेला असतो, तो भरला की ग्राफिक्स कार्डाच्या लेन १६ वरून ८ होतात. एक्स८७० च्या अनेक बोर्डांवर यूएसबी४ आणि दुसरा एम.२ स्लॉट प्रोसेसरच्या त्याच चार लेन वाटून घेतात.

हे सगळे बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते आणि ती पुस्तिका उत्पादकाच्या संकेतस्थळावर खरेदीपूर्वीच मिळते. मी बोर्ड सुचवण्याआधी तिची दोनच पाने नेमाने वाचतो: लेनचा आराखडा दाखवणारे पान आणि अमुक स्लॉट भरल्यास तमुक बंद होईल असे सांगणारी तळटीप. ही सवय मला एका चुकीतून लागली. एका संगणकात तिसरी एम.२ एसएसडी बसवली आणि जुन्या कामांची साटा (केबलने जोडलेली) डिस्क दिसेनाशी झाली. डिस्क निकामी झाली असे समजून तिच्या मालकाने ती रात्र काळजीत काढली, आणि मी केबल व डिस्क तपासण्यात अर्धा दिवस घालवला. तो एम.२ स्लॉट भरला की दोन साटा पोर्ट बंद होतात, असे पुस्तिकेत एका ओळीत छापलेले होते. केबल दुसऱ्या पोर्टला लावली आणि सगळी कामे जशीच्या तशी दिसली.

लांबट पीसीआयई स्लॉटचा आकार पाहूनही फसायला होते. दुसरा स्लॉट १६ लेनचा दिसला, तरी त्यात बहुधा चारच लेन जोडलेल्या असतात, कधी कधी एकच. कॅप्चर कार्ड किंवा १० गिगाबिटचे नेटवर्क कार्ड पुढे लावायचे असेल तर किमान चार लेनचा, आणि तीन स्लॉट व्यापणाऱ्या ग्राफिक्स कार्डाखाली दडणार नाही असा स्लॉट हवा. नेटवर्कचा हिशोब वरच्याच आकड्यांनी करावा: १ गिगाबिटवर सेकंदाला ११५ एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे प्रोरेसचा एक प्रवाह, २.५ गिगाबिटवर तीन प्रवाह जेमतेम बसतात. फुटेज नेटवर्कवरील साठवणीतून थेट संकलित करणार असाल तर १० गिगाबिटची तरतूद आजच करावी, नाहीतर २.५ गिगाबिटचा पोर्ट पुरेसा आहे. मागच्या बाजूला १० किंवा २० गिगाबिटचा यूएसबी-सी पोर्ट असावा, कारण कार्ड रिकामे होण्याची वाट रोज पाहावी लागते. थंडरबोल्टची साठवणपेटी असेल तर यूएसबी४ किंवा थंडरबोल्ट ४ लागेल. वाय-फाय, रंगीत दिवे आणि बोर्डावरील साउंड यांना मी निवडीत स्थान देत नाही.

व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, मात्र पाहिला पाहिजे. खेळांमध्ये प्रोसेसरवरचा भार चढउतार करतो. एक्सपोर्टमध्ये तो तास-दोन तास सलग पूर्ण असतो. व्हीआरएम तापला की बोर्ड प्रोसेसरचा वेग उतरवतो. खोक्यावरील फेजची (वीजपुरवठ्याच्या समांतर शाखांची) संख्या पाहून काही कळत नाही; दीर्घ भाराखाली तापमान मोजलेली परीक्षणे वाचावीत. एच६१० आणि ए६२० या सर्वांत खालच्या श्रेणीचे बोर्ड जड प्रोसेसरसाठी टाळावेत. बी६५०, बी८५०, बी७६०, बी८६० यांतले भक्कम हीटसिंक असलेले बोर्ड आपल्या कामाला पूर्ण पुरतात. तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर घेत असाल तर बायोस आधी अद्ययावत करावे: अतिरिक्त व्होल्टेजमुळे या प्रोसेसरमध्ये येणाऱ्या अस्थिरतेवर इंटेलने २०२४ च्या ऑगस्टपासून मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) उपाय दिले, आणि ते बोर्डाच्या बायोसमधूनच पोहोचतात. प्रोसेसर न लावताही बायोस बदलता येईल असे फ्लॅशबॅकचे बटण असलेला बोर्ड मिळाल्यास उत्तम.

जुळणी करताना दोन स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवाव्यात. जवळजवळच्या दोन स्लॉटमध्ये बसवल्यास चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनेलवर जातात आणि बँडविड्थ निम्मी होते. उंच हीटसिंकच्या स्टिक मोठ्या एअर कूलरखाली अडकतात, तेव्हा बुटक्या घ्याव्यात. पहिल्यांदा वीज दिल्यावर पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. डीडीआर५ चा बोर्ड त्या वेळात स्टिकशी वेग जुळवून घेत असतो. घाबरून वीज बंद केली की ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. विंडोज सुरू झाल्यावर एक्स्पो किंवा एक्सएमपी चालू करावे आणि मेमटेस्ट८६ ही मेमरीची चाचणी रात्रभर चालवावी. एक जरी चूक दिसली तरी ती मेमरी त्या वेगाला नापास समजावी, ५६०० वर उतरवून पुन्हा तपासावी, आणि तिथेही चूक दिसली तर पाकीट परत करावे. चाचणी निर्दोष झाली की आपला सर्वांत लांब प्रोजेक्ट सलग तीन-चार वेळा एक्सपोर्ट करून पाहावा.

तेव्हा रॅमपुरता निर्णय आपण आजच घेऊ शकता: ३२ जीबीच्या दोन स्टिक, एकाच पाकिटातल्या, डीडीआर५-६०००, आफ्टर इफेक्ट्सचे काम वाढणार असेल तर ४८ च्या दोन. निवडलेल्या बोर्डाच्या सुसंगत मेमरीच्या यादीत त्या पाकिटाचा पूर्ण मॉडेल क्रमांक आहे याची खात्री करूनच मागणी नोंदवावी. बोर्डासाठी मात्र थोडे थांबावे. आपले कॅमेरे ४:२:० रेकॉर्ड करतात की ४:२:२, आणि ग्राफिक्स कार्ड कोणते घेणार आहात, हे कळवलेत तर इंटेल की एएमडी हे ठरेल, आणि मग त्या सॉकेटच्या दोन-तीन बोर्डांच्या पुस्तिका समोर ठेवून आपल्याला लागणाऱ्या एसएसडी कोणत्या स्लॉटमध्ये जातील ते एकेक करून पाहता येईल.